निवृत्तीनंतर मोटरहोम घ्यावं का? मोहोळच्या घरातून निघण्याआधी करायची गणितं

मोबाइलवर एक रील येते. पांढरी व्हॅन, मागचं दार उघडं, समोर समुद्र, गॅसवर चहा उकळतोय आणि खाली ओळ असते : ‘आम्ही घर विकलं आणि रस्त्यावर राहायला निघालो.’ रील तीस सेकंदांत संपते. पण जी व्यक्ती पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे, जिच्या हातात ग्रॅच्युइटीची रक्कम पडणार आहे, तिच्या डोक्यात ती बरेच दिवस घोळत राहते.

मोहोळमध्ये राहणाऱ्याला तर हा विचार आणखी सोपा वाटू शकतो. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ मोहोळवरूनच जातो. आळंदीहून पंढरपूरला येणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, पुढे येऊन मोहोळलाच संपतो. पंढरपूर सुमारे ४० किलोमीटर, सोलापूर सुमारे ३५. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर ही सगळी ठिकाणं एका दिवसात जाऊन येण्याजोगी. रस्ता दारातूनच जातो, मग चाकांवरचं घर का नको?

हा निर्णय निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग एका गाडीत घालण्याचा आहे. म्हणून मोटरहोम म्हणजे नेमकं काय, कायदा काय सांगतो, आपल्याकडच्या उन्हात आणि काळ्या मातीत ते कितपत चालतं आणि पैशांचं गणित कसं बसतं, हे एकेक करून समजून घेऊया.

मोटरहोम, कॅम्पर व्हॅन, कॅराव्हॅन : फरक काय?

आपल्याकडे हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात. खरेदीच्या वेळी मात्र फरक माहीत असावा.

ओढून नेण्याची कॅराव्हॅन : हिला इंजिन नसतं. गाडीच्या मागे जोडून ती ओढायची. मुक्कामाच्या ठिकाणी ती सोडून गाडी मोकळी करता येते, हा मोठा फायदा. पण ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तो मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. ऊस वाहणारी ट्रॉली मागे घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. साठीनंतर नव्यानं शिकायचं असेल तर आधी मोकळ्या मैदानात सराव हवा.

कॅम्पर व्हॅन : लहान व्हॅनमध्ये पलंग, छोटा ओटा आणि थोडी साठवण. चालवायला सोपी, गल्लीत जाते. पण अनेक लहान व्हॅनमध्ये ताठ उभं राहता येत नाही आणि संडास बसत नाही.

मध्यम आकाराचं मोटरहोम : फोर्स ट्रॅव्हलर, फोर्स अर्बानिया, टाटा विंगर अशा गाड्यांच्या सांगाड्यावर तयार केलेलं. आत उभं राहता येतं. पलंग, ओटा, फ्रिज, छोटं न्हाणीघर बसतं. दोन माणसांसाठी बहुतेक वेळा हाच प्रकार सोयीचा ठरतो.

बसवर बांधलेलं मोटरहोम : जागा भरपूर, पण घाटात, गावातल्या रस्त्यावर आणि पार्किंगला त्रास. वजन जास्त असेल तर साधा परवानाही पुरत नाही.

छतावरच्या तंबूची जीप : रीलमध्ये सर्वांत देखणी दिसते. रात्री तीन वाजता गुडघे दुखत असताना शिडीवरून उतरावं लागलं की देखणेपण संपतं.

ही कल्पना आपल्याला खरंच नवी आहे का?

पूर्ण नवी नाही. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रक आठवून पाहा. त्यात तंबू, शिधा, मोठी भांडी, अंथरूण-पांघरूण असतं आणि मागून पाण्याचा टँकर येतो. पुढच्या मुक्कामी आधी पोहोचायचं, चूल मांडायची, सकाळी सगळं आवरून निघायचं. मोटरहोमच्या मालकाला ज्या तीन गोष्टींची रोज काळजी करावी लागते, त्याच दिंडीचा ट्रक सांभाळणाऱ्यालाही असतात : पाणी कुठे भरायचं, गाडी कुठे लावायची आणि घाण कुठे टाकायची.

परदेशात निवृत्तांचं हंगामी स्थलांतर रुळलेलं आहे. ऑस्ट्रेलियात अशा प्रवाशांना ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. अमेरिकेत उत्तरेकडच्या थंडीपासून पळून दक्षिणेला येणाऱ्यांना ‘स्नोबर्ड्स’ हे नाव आहे. अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाजवळ सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात ठरावीक शुल्क भरून मोटरहोम लावून राहता येतं. म्हणजे तिथे गाडीच्या आधी गाडी लावण्याची व्यवस्था उभी आहे.

भारतात ही व्यवस्था अजून बाल्यावस्थेत आहे. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात खासगी आणि सरकारी जागेवर कॅराव्हॅन पार्क उभारण्याची आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. केरळनंही त्याच वर्षी धोरण जाहीर केलं आणि इडुक्की जिल्ह्यातल्या वागमोनला पहिलं पार्क सुरू झालं. पण मोहोळहून कुठल्याही दिशेला निघालं तरी दर शंभर किलोमीटरवर पाणी, वीज आणि मैला रिकामा करण्याची सोय असलेलं पार्क मिळेल, अशी आज स्थिती नाही. गाडी निवडताना हे गृहीत धरावं लागतं.

कायदा काय सांगतो?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘जुनी ट्रॅव्हलर घेऊ, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आत पलंग-ओटा बसवून घेऊ’ हा सल्ला प्रत्येक कट्ट्यावर मिळतो. तो अडचणीत आणू शकतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मग रस्ता कोणता? मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. त्यानुसार मान्यता मिळालेली, कारखान्यातून किंवा अधिकृत बांधणीदाराकडून तयार झालेली गाडी घ्यायची. विकत घेताना तीन कागद मागायचे : मान्यता प्रमाणपत्र, नोंदणीत वाहनाचा प्रकार काय लिहिला जाणार याची लेखी माहिती आणि गाडीचं कमाल मान्य वजन. मोहोळची नोंदणी सोलापूरला, म्हणजे एमएच १३ मालिकेत होते. कर किती पडेल हे नोंदणीच्या प्रकारावर ठरतं, म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी तो आकडा आरटीओकडून समजून घ्यावा.

आणखी काही मुद्दे :

खासगी की भाड्याची? केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ‘बिगर-परिवहन’ वाहनांत मोडते. म्हणजे पांढरी पाटी. पण ‘आपण फिरत नसू तेव्हा भाड्यानं देऊ, हप्ता सुटेल’ हा मुलांनी सुचवलेला मार्ग पांढऱ्या पाटीवर चालत नाही. भाड्यानं द्यायची तर नोंदणी, परवाना आणि विमा हे सगळं व्यावसायिक हवं.

परवाना : हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाडीला चालतो. वजन म्हणजे रिकाम्या गाडीचं नव्हे, तर मालासकट कमाल मान्य वजन.

वय : ५५ वर्षांनंतर परवान्याचं नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होतं आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ६० व्या वर्षी घेतलेल्या गाडीच्या १५ वर्षांच्या नोंदणीत परवान्याचं नूतनीकरण किमान तीनदा करावं लागेल. पुढच्या वेळी डोळे साथ देतील का, हाही गाडीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

परराज्यात मुक्काम : दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवली तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. हिवाळ्यातले दोन-तीन महिने गोव्यात काढणाऱ्यांना याची अडचण नाही.

विमा : आतला ओटा, बॅटरी, सौर पॅनल, एसी यांची किंमत विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत धरून घ्यावी. न कळवलेल्या वस्तूंचा दावा करताना वाद ठरलेला.

उन्हाचं गणित : एसी रात्रभर चालेल का?

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी म्हणजे भट्टीच. त्यामुळे विक्रेता ‘एसी आहे’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायचा : ‘इंजिन बंद असताना किती तास?’

हिशेब सोपा आहे. २०० अँपिअर-अवर क्षमतेची १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी सुमारे २.५ युनिट वीज साठवते. एक टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना तासाला साधारण एक युनिट घेतो. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो असं धरलं, तरी तीन-साडेतीन तासांत बॅटरी संपते. रात्र आठ तासांची आहे.

छतावर ४०० वॉटचं सौर पॅनल असेल, तर चांगल्या उन्हात दिवसभरात दीड युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे दिवसभराचं ऊन रात्रीच्या दोन तासांच्या एसीपुरतं. त्यातही पेच असा की पॅनलला ऊन हवं आणि गाडीला सावली. झाडाखाली लावली तर वीज नाही, उन्हात लावली तर आत बसवत नाही.

उलट ३० वॉटचा पंखा त्याच बॅटरीवर तीन दिवस चालू शकतो. म्हणून निष्कर्ष असा : उन्हाळ्यात एसीशिवाय झोप येत नसेल, तर रोज वीजजोडणी मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम करावा लागेल. किंवा गाडी थंड ठिकाणी न्यावी लागेल. उंची दर १,००० मीटरनं वाढली की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. महाबळेश्वर १,३०० मीटरहून जास्त उंचीवर आहे, तिथे मे महिन्यातही रात्री पंख्यावर भागतं.

इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून एसीत झोपणं हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्यानं मृत्यू झाल्याचं तपासात पुढे आलं. या वायूला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गाडी कितीही महाग असो, कार्बन मोनॉक्साइड सांगणारा अलार्म नसेल तर तो आधी बसवावा.

वजनाचं गणित : काट्यावर नेऊन पाहा

गाडी किती वाहू शकते आणि आपण तिच्यात किती भरतो, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. एक अंदाज मांडून पाहू. दोन माणसं १३० किलो, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, पलंग-कपाटं-ओटा ३०० किलो, एसी आणि फ्रिज ७० किलो, बॅटरी-इन्व्हर्टर-पॅनल ७० किलो, शिधा-कपडे-भांडी ८० किलो. बेरीज ७५० किलो. अजून पाहुणे आलेले नाहीत आणि परतीच्या वाटेवर घेतलेल्या आंब्याच्या पेट्याही ठेवलेल्या नाहीत.

मोहोळ तालुक्यात वजनकाट्यांची कमतरता नाही. साखर कारखाना, खडी क्रशर, मार्केट यार्ड, कुठेही नेऊन गाडी पाणी आणि डिझेल भरून तोलता येते. जुनं मोटरहोम घेत असाल तर व्यवहाराआधी हे नक्की करा. काट्यावरचा आकडा आणि नोंदणी प्रमाणपत्रातलं कमाल वजन यांत किमान २०० किलोंचा फरक उरला पाहिजे. तो उरत नसेल तर घाट उतरताना ब्रेक तापणं आणि टायर फुटणं हा धोका कायम राहील.

पाणी, न्हाणीघर आणि रात्रीचं उठणं

काटकसरीनं वापरलं तरी दोन माणसांना दिवसाला ४० लिटर पाणी लागतं. १०० लिटरची टाकी अडीच दिवस पुरते. टंचाई पाहिलेल्या भागातल्या माणसाला बादलीचा हिशेब कळतो, त्यामुळे शॉवरऐवजी तांब्या-बादली बसेल असं न्हाणीघर निवडलं तर पाणी जास्त पुरतं.

संडास हा चेष्टेचा विषय वाटतो, पण साठीनंतर तोच निर्णायक ठरतो. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्याला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. अशा वेळी अंधारात गाडीबाहेर पडून पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह शोधायला लावणारी गाडी निवृत्तांसाठी नाही. मोटरहोममध्ये सहसा काढता येणाऱ्या पेटीचा संडास असतो. दोन माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरते. ती ओढ्यात किंवा रस्त्याकडेला रिकामी करायची नसते. सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, जागामालकाला विचारून, रिकामी करायची. आणि हे काम रोज कोण करणार, हे खरेदीआधी दोघांनी बोलून ठरवलेलं बरं.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी फ्रिज ही चैन नाही. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. फ्रिज गाडी बंद असतानाही बॅटरीवर रात्रभर चालतो का, ते पाहून घ्या.

स्वयंपाक कोण करणार?

हा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, म्हणून कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. ३५ वर्षं ओट्यापाशी उभी राहिलेली बाई निवृत्तीनंतरही त्याहून लहान ओट्यापाशीच उभी राहणार असेल, तर ही सहल नेमकी कोणाची? गाडी पाहायला दोघांनी जावं. ओट्याची उंची, गॅसजवळची खिडकी, भाकरी थापायला पुरेल एवढी जागा, हे जो स्वयंपाक करणार त्यानं पाहावं.

सोलापूरकरांकडे इथे एक जमेची बाजू आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही मुळातच प्रवासात टिकणारी जोडी. लांबोटीचा चिवडाही वाटेवरच मिळतो. रोज तीन वेळा गाडीत चूल पेटवायची गरज नाही.

गॅस वापरायचाच असेल, तर जमिनीलगत झरोका हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो. वरची खिडकी उघडी ठेवून तो बाहेर जात नाही.

काळी माती, भुयारी मार्ग आणि उंदीर

काही अडचणी खास आपल्या भागातल्या आहेत. पावसात काळ्या मातीत तीन-साडेतीन टनांची गाडी उभी केली तर सकाळी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. घराशेजारी किंवा शेतात गाडी ठेवायची असेल तर आधी मुरूम टाकून दाबून घ्या.

रेल्वेखालचे भुयारी मार्ग आणि त्यांच्या तोंडाशी लावलेले लोखंडी अडथळे गाडीच्या उंचीपेक्षा कमी असू शकतात, आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. छतावर पॅनल आणि एसी बसवल्यावरची पूर्ण उंची मोजून ती स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा. गल्लीत लोंबणाऱ्या वायरींनाही तोच नियम.

गाडी चार महिने उभी राहिली तर उंदीर वायरी कुरतडतात, बॅटरी उतरते, गाद्यांना बुरशी धरते. शेड, महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची फेरी आणि शिधा पूर्ण काढून ठेवणं, हे टाळता येत नाही.

हंगाम कोणता, कुठे?

मोहोळकरांसाठी हंगामी राहणीचं चित्र स्नोबर्ड्सच्या उलट आहे. तिकडे थंडीपासून पळतात, इथे उन्हापासून पळायचं आहे.

जून ते सप्टेंबर : कोकण आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस, दरडी, धुकं. मोहोळ मात्र पर्जन्यछायेत. या काळात स्वतःचं घरच सर्वांत सुखाचं. आषाढीच्या आसपास तर पंढरपूरच्या रस्त्यांवर मोठी गाडी घेऊन जाऊच नये. वाहतूक वळवलेली असते आणि तो रस्ता तेव्हा चालणाऱ्यांचा असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : कोकण किनारा, गोवा, कोल्हापूर परिसर, विदर्भातले जंगलालगतचे भाग. मोटरहोमसाठी हाच खरा काळ. एसी लागत नाही, रात्री पंखाही लागत नाही. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नये, तो आता मोबाइलवरूनही देता येतो.

मार्च ते मे : महाबळेश्वर-पाचगणी, पन्हाळा, चिखलदरा, तोरणमाळ. पण मे महिन्यात गर्दी प्रचंड आणि मोठ्या गाडीला जागा मिळणं कठीण. मुक्कामाची जागा आधी फोन करून ठरवलेली असावी.

मुक्कामासाठी कृषी पर्यटन केंद्रं हा चांगला पर्याय आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. अशा केंद्रांत अंगण, वीज, पाणी आणि जेवण मिळतं. देवस्थानांची भक्त निवासं, एमटीडीसीची निवासस्थानं आणि नातेवाइकांची अंगणंही आहेतच. वनहद्दीत परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही आणि वाळूवर गाडी नेणं म्हणजे भरतीला आमंत्रण.

पैशांचं गणित : एक दिवस कितीला पडतो?

समजा, सगळं धरून मोटरहोम ३० लाखांना पडलं. पाच वर्षांनी ते १५ लाखांना विकलं गेलं, तर वर्षाला ३ लाखांची घट.

तेच ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता आले असते. योजनेची कमाल मर्यादाच ३० लाख आहे. ८.२ टक्के दरानं दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज हातात येतं. गाडी घेतली तर हे उत्पन्न गेलं.

दोन्ही मिळून वर्षाला ५ लाख ४६ हजार. आता दिवसांनी भागा. वर्षाला ६० दिवस फिरलात तर एक दिवस ९,१०० रुपयांना पडतो. १५० दिवस राहिलात तर ३,६४० रुपयांना. विमा, टायर, देखभाल, टोल वेगळे. लिटरला ९ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर दर हजार किलोमीटरला १०,००० रुपये आणखी.

आता पर्याय पाहा. आहे ती कार, तीत गादी-उशी-शेगडी आणि पाचगणीत किंवा गुहागरला दोन महिन्यांसाठी भाड्याची खोली. गाडी कमी दिवस वापरणार असाल, तर बहुतेक वेळा हाच मार्ग स्वस्त आणि गुडघ्यांना सोयीचा ठरतो. मोटरहोमची किंमत वसूल होते ती जास्त दिवस राहणाऱ्यांची, जागा वारंवार बदलणाऱ्यांची, आणि ज्यांना स्वतःच्याच पलंगावर, स्वतःच्याच संडासाशी जवळ राहणं गरजेचं आहे अशांची. पथ्याचं जेवण, औषधं, कमकुवत पोट, सोबत पाळीव कुत्रा, ही कारणं खरी आहेत आणि त्यांची किंमत हॉटेलच्या दराशी तोलता येत नाही.

घर विकून गाडी घेणं मात्र टाळावं. गाडीची किंमत दर वर्षी उतरते. आजारपण सांगून येत नाही आणि दवाखान्यातून सुटल्यावर परतायला एक पत्ता लागतो.

घेण्याआधी काय करावं?

१. आधी भाड्यानं घ्या. एक आठवडा, तोही एप्रिलमध्ये. डिसेंबरात सगळीच गाडी चांगली वाटते.

२. त्या आठवड्यात एक रात्र वीजजोडणीशिवाय काढा. एक दिवस पाऊस नसला तरी आतच बसून घालवा.

३. दोघांनीही गाडी चालवून पाहा. एकाला चक्कर आली किंवा पाय मुरगळला तर दुसऱ्यानं गाडी घरी आणता आली पाहिजे. ते जमत नसेल तर चालकाचा खर्च आणि त्याच्या झोपण्याची जागा गणितात धरा.

४. पायरीची उंची, पलंगाची उंची, न्हाणीघरातली दांडी, हे बसून-उठून तपासा. पलंगावर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्याला न उठवता बाहेर येता येतं का, हेही.

५. दुरुस्ती कुठे होईल ते विचारा. इंजिनासाठी सोलापुरात वर्कशॉप मिळेल, पण पाण्याचा पंप, इन्व्हर्टर किंवा संडासाची पेटी बिघडली तर सुटे भाग कुठून येणार?

६. कागदपत्रं, वजन, उंची हे तिन्ही आकडे लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला आरटीओत किंमत नाही.

७. पहिल्या वर्षी किती दिवस फिरणार, याचा आकडा दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग कागद उघडा. एकानं १२० आणि दुसऱ्यानं २० लिहिलं असेल, तर गाडीच्या आधी त्यावर बोलणं गरजेचं आहे.

थोडक्यात

दोन निवृत्त माणसांसाठी, मोहोळहून निघण्यासाठी, सर्वांत व्यवहार्य निवड म्हणजे मान्यताप्राप्त, मध्यम आकाराचं, आत उभं राहता येणारं, खाली पलंग आणि आत संडास असलेलं मोटरहोम, ज्याचा एसी वीजजोडणीवर आणि पंखा बॅटरीवर चालतो. ते वर्षातले चार-पाच महिने वापरणार असाल तर विचार करावा. त्याहून कमी असेल तर भाड्यानं घेणं किंवा खोली घेणं शहाणपणाचं. आणि दोन्ही बाबतीत मोहोळचं घर तसंच ठेवावं, किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन.